ते बोलू पाहतात आणि मी विषय बदलते

पत्र, थोडक्यात

लिहिणाऱ्या ताई चाळिशीतल्या आहेत. अकरा महिन्यांपूर्वी त्यांच्या पतींना स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं, आणि तेव्हाच तो यकृतापर्यंत पोहोचलेला होता. केमोथेरपीचं पहिलं औषध काही महिने लागू पडलं, मग पडेनासं झालं. आता दुसरं चालू आहे. मागच्या भेटीत डॉक्टरांनी पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणाऱ्या, टीमलाही भेटून घ्यायला सांगितलं. प्रार्थनागटातले एक ज्येष्ठ गृहस्थ यावर म्हणाले, "तिकडे जाणं म्हणजे देवावरचा भरवसा सोडणं. तुमच्या घरात विश्वासाला कुठेतरी भेग आहे, ती शोधा." तेव्हापासून ताई आठवड्यातून दोन दिवस उपास करतात. पण प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, उपासनेत गीत सुरू झालं की ओठ मिटतात. तेरा वर्षांची मुलगी विचारते, "मी रोज मागते, तरी बाबा बरे का होत नाहीत?" पती दोन-तीनदा रात्री म्हणाले, "मला तुझ्याशी पुढचं बोलायचंय." ताईंनी दर वेळी "असं तोंडातून काढू नका, विश्वास धरा" म्हणून त्यांना थांबवलं. त्या विचारतात : माझा विश्वास संपलाय का? संपला असेल तर मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, बसून मी नाटक करतेय का? आणि माझ्या या कोरडेपणाची शिक्षा त्यांना मिळतेय का?

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण रात्री तुम्हाला जागं ठेवत असणार तो हाच. नाही. तुमच्या कोरडेपणाची शिक्षा तुमच्या पतींना मिळत नाहीये.

मी हे तुमचं मन राखायला म्हणत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी येशूला विचारलं होतं, पाप कोणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? शिष्यांना दोनच पर्याय दिसत होते. येशूनं दोन्ही नाकारले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हाही त्यानं लोकांना विचारलं, ती काय इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं तुम्हाला वाटतं? आणि उत्तर स्वतःच दिलं : नाही. आजाऱ्याच्या उशाशी उभं राहून कुणाच्या तरी माथी दोष मारण्याची सवय त्याच्या शिष्यांनाही होती. ती त्यानं चालू दिली नाही. तुमच्या घरात 'भेग' शोधणाऱ्या काकांना तो काय म्हणाला असता, हे ओळखायला फार विचार करावा लागू नये.

त्यांच्या पाठदुखीकडे दोन महिने दुर्लक्ष झालं, असंही तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय. ते मी मुद्दाम उचलते, कारण अपराधीपणाची दुसरी गाठ तिथे आहे. स्वादुपिंड पोटात खोल, जठराच्या मागे असतं. सुरुवातीला या रोगाची बहुधा काहीच खूण नसते, किंवा असते ती अपचन, पाठदुखी, थकवा अशी रोजच्या तक्रारींसारखी. बहुतेक रुग्णांमध्ये तो शस्त्रक्रियेची वेळ टळल्यावरच सापडतो. पाठ दुखते म्हणून मलम चोळणारी बायको निष्काळजी नसते. तुम्ही मलम चोळलंत. तेव्हा जे कळत होतं, त्यानुसार तेच बरोबर होतं.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. तुमच्या पत्रात एक गृहीतक आहे, जे तुम्ही कुठेच सरळ मांडलेलं नाही, पण प्रत्येक ओळीमागे ते उभं आहे : विश्वास हे बरं होण्याचं मोल आहे, पुरेसं भरलं की आरोग्य मिळतं, आणि मिळालं नाही तर भरणा कमी पडला. काकांनी हेच शब्द फिरवून सांगितलं. पण ताई, तुम्ही त्यांच्या आधीपासून हे मानत असणार, नाहीतर त्यांचं बोलणं इतकं खोल रुतलं नसतं.

शुभवर्तमानं, म्हणजे येशूच्या जीवनाची बायबलमधली पुस्तकं, या एका प्रश्नासाठी पुन्हा वाचून बघा. नाईन गावाच्या वेशीपाशी एका विधवेच्या एकुलत्या एका मुलाची प्रेतयात्रा चाललेली असते. ती काही मागत नाही. तिचा विश्वास किती, हे कुणी विचारत नाही. येशूला तिचा कळवळा येतो, आणि मुलगा उठून बसतो. बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षं आजारी असलेला माणूस बरा होतो तेव्हा आपल्याला बरं केलं कोणी, हेसुद्धा त्याला ठाऊक नसतं. आणि तो पक्षाघाती, ज्याला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं? तिथे लिहिलंय की येशूनं 'त्यांचा' विश्वास पाहिला. बाजेवरच्या माणसाच्या तोंडी तर एक शब्दही नाही. चौघांच्या हातांत दोर होते आणि तो नुसता पडून होता. या चौघांकडे मी पुन्हा येणार आहे, त्यांना लक्षात ठेवा.

उलट बाजूही बघा. प्रेषित पौलानं आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सतत सलणारं दुखणं, जावा म्हणून देवाला तीनदा विनवणी केली. काटा गेला नाही. "माझी कृपा तुला पुरेशी आहे" असं उत्तर मिळालं. त्याच पौलानं आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला, आणि तीमथ्याला लिहिताना ते एका वाक्यात सांगून टाकलं. कुणाचा विश्वास कमी पडला याची चौकशी नाही, खुलासा नाही. माणूस आजारी होता, आजारीच राहिला, आणि तरी तो आपलाच होता.

"विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील" हे याकोबाच्या पत्रातलं वचन तुम्हाला ऐकवलं गेलं असेल, किंवा जाईल. ते वचन मी टाळणार नाही. फक्त त्याच्या आधीची ओळ वाचा. तिथे दुखणाइतानं मंडळीच्या वडिलांना बोलवावं आणि त्यांनी येऊन तेल लावून प्रार्थना करावी असं आहे. करायचं काम वडिलांचं आहे. आजाऱ्याच्या किंवा त्याच्या बायकोच्या विश्वासाची तपासणी करा असं तिथे म्हटलेलं नाही. तेल घेऊन यायचं सोडून कुणी भिंग घेऊन येत असेल, तर तो ते वचन पाळत नाहीये.

मग चमत्कार मागायचाच नाही का? मागा. रोज मागा. मी कुणाचीही आशा काढून घ्यायला बसलेले नाही. मागणं ही लेकराची रीत आहे, पण मिळेलच अशी हमी देणं आपलं काम नाही. अग्नीच्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या शद्रख, मेशख, अबेद्‌नगो यांनी राजाला काय सांगितलं ते आठवा : आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्यानं न सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. 'न सोडवलं तरीही' हे शब्द त्यांच्या विश्वासात मावले. तुमच्याही मावतील. तुम्हाला आजवर कुणी ते उच्चारायची परवानगी दिली नाही, एवढंच.

आता तुमची न होणारी प्रार्थना. तुम्ही लिहिता, "गुडघे टेकते, आणि मनात फक्त एकच येतं, कुठे आहेस तू? मग मला भीती वाटते आणि मी उठते." ताई, तुम्ही उठता त्याच्या आदल्या क्षणी प्रार्थना झालेली असते. स्तोत्र 13 असंच सुरू होतं. पहिल्या दोन ओव्यांत 'कोठवर?' हा प्रश्न चारदा येतो : कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. स्तोत्र 88 तर याहून काळं आहे. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळण घेतात, स्तुतीवर येतात. हे येत नाही. ते अंधारावर थांबतं. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली, त्यांना ते वगळता आलं असतं, निदान शेवटी एक गोड ओळ जोडता आली असती. त्यांनी तसंच ठेवलं. मला वाटतं, तुमच्यासारख्या कुणालातरी एके रात्री ते लागेल हे त्यांना माहीत असावं.

लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया दोघी बहिणींनी येशूला एकच वाक्य ऐकवलं : प्रभू, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. ही तक्रारच आहे. निरोप पाठवूनही तो दोन दिवस उशिरा निघाला होता. त्यानं दोघींपैकी एकीलाही अविश्वासी म्हटलं नाही. मार्थेशी तो बोलत राहिला, मरीयेजवळ रडला. पुढे काय करायचं हे ठाऊक असूनही रडला.

म्हणून माझी पहिली सूचना : 'कुठे आहेस तू?' हीच तुमची प्रार्थना होऊ द्या. रोज एकदा, मोठ्यानं. पुढे काही जोडू नका, आभार नकोत, 'तरीही तुझी इच्छा' नको. तेही नाही जमलं तर लहानपणी पाठ केलेली प्रभूची प्रार्थना नुसती म्हणा, मन जागेवर नसलं तरी. पाठ केलेले शब्द अशा दिवसांसाठीच असतात, आपण नसतो तेव्हा ते आपल्या जागी उभे राहतात. आणि ज्या दिवशी तेही नाही, त्या दिवसासाठी रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातलं वचन आहे : कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, पण आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. कण्हणं. इतकंच पुरतं असं तिथे लिहिलंय.

उपास मात्र थांबवा. तुमचं वजन सहा किलो उतरलंय, रात्री तीनदा उठावं लागतं, आणि त्यात दोन दिवस पोटात काही नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून "पुरे झालं, आता माझा प्राण घे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं. दूतानं उठवलं ते भाकर आणि पाणी द्यायला, आणि मग पुन्हा झोपू दिलं. पुन्हा उठवून पुन्हा खायला घातलं. वाट दूरची आहे, हे दूतानं त्याला सांगितलेलं कारण. तुमचीही आहे. आणि झोप उडालेलीच राहिली, सगळं सोडून द्यावंसं वाटू लागलं, जगणं नकोसं व्हायला लागलं, तर तुमच्यासाठी वेगळा डॉक्टर गाठा, त्याच आठवड्यात. ते विश्वास उणा पडल्याचं लक्षण नाही. थकलेल्या मेंदूलाही उपचार लागतात.

मंडळीत बसणं नाटक आहे का? येशू मेलेल्यांतून उठून शिष्यांना भेटला, त्या पुनरुत्थानाच्या संध्याकाळी थोमा हा शिष्य तिथे नव्हता. बाकीच्यांनी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, हात घालून पाहीन तेव्हाच विश्वास ठेवीन. मग वचन म्हणतं की आठ दिवसांनी शिष्य पुन्हा घरात होते आणि थोमा त्यांच्याबरोबर होता. मी या आठ दिवसांचा फार विचार करते. सगळे आनंदात आणि हा एकटा न मानणारा, तरी त्याच दारांच्या आत. तो खोटं गात नव्हता, आणि त्यांनीही त्याला बाहेर काढलं नव्हतं. त्याला जे भेटायचं होतं ते तिथेच, त्या खोलीत भेटलं. तुम्ही मागच्या बाकावर बसा, ओठ मिटलेले असू द्या. बाजूची बाई गाते ते ऐका. ती तुमच्या वाटचंही गातेय. फक्त एक करू नका : "साक्ष द्या, सगळ्यांना बळ मिळेल" असा आग्रह झाला, तर नसलेली साक्ष देऊ नका. "आज नाही" एवढं बोलून खाली बसा. नाटक असेल तर ते तिथे होईल, गप्प बसण्यात नाही.

आता पॅलिएटिव्ह केअरबद्दल. या शब्दाभोवती इतकी भीती आहे की अनेकजण महिनोन्‌महिने वेदना सोसतात. ही टीम उपचार बंद करायला येत नाही. केमो चालू असतानाही ती काम करते : वेदना, मळमळ, झोप, भूक, भीती, घरच्यांची दमछाक हे सगळं तिच्या कामात येतं. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेले 151 रुग्ण होते. ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस अधिक सुसह्य गेले, शेवटी आक्रमक उपचार कमी झाले, आणि तरीही ते सरासरी अडीचेक महिने जास्त जगले. तुमच्या पतींचा आजार वेगळा आहे, म्हणून हाच आकडा त्यांना लावू नका. पण 'तिकडे गेलं की आशा संपली' हे खरं नाही, एवढं यातून नक्की कळतं. मॉर्फिनलाही घाबरू नका. वेदनेच्या मापानं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेलं मॉर्फिन माणसाला लवकर नेत नाही. बद्धकोष्ठता होते, त्याचं औषध सोबतच मागून घ्या. आणि या रोगात पोट-पाठ फार दुखत असेल, तर तिथल्या नसांच्या जाळ्यात इंजेक्शन देऊन वेदना कमी करता येतात. ते तुमच्या बाबतीत शक्य आहे का, हे नक्की विचारा.

काकांसाठी आणखी एक. आधुनिक हॉस्पिस चळवळ, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांची शुश्रूषा करणारी चळवळ, जिच्यापासून सुरू झाली असं मानतात, ती सिसिली सॉन्डर्स श्रद्धावान ख्रिस्ती होती. आधी नर्स, मग रुग्णालयातली समाजसेविका, मग डॉक्टर. 1967 साली तिनं लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं. माणसाची वेदना शरीराची, मनाची, नात्यांची आणि आत्म्याची अशी एकत्र असते, हे तिनं वैद्यकाला शिकवलं. देवावरचा भरवसा सोडून ती या कामाला लागली नाही, त्या भरवशापायीच लागली. आणि यशया संदेष्ट्यानं हिज्कीया राजा बरा होणार असं देवाचं वचन सांगितलं, त्याच प्रसंगात गळवावर अंजिराचं पोटीस बांधायलाही सांगितलं. वचन आणि पोटीस एकाच तोंडून आलं.

इथवर लिहिलं ते सगळं थांबू शकेल. पुढचं थांबू शकणार नाही.

तुमचे पती बोलू पाहताहेत, ताई. रात्री, अंधारात, जेव्हा एकमेकांचा चेहरा दिसत नाही आणि बोलणं त्यातल्या त्यात सोपं असतं, तेव्हा. आणि तुम्ही विश्वासाचं नाव घेऊन त्यांना गप्प करता. तुम्ही हे प्रेमापोटी करता, मला माहीत आहे. त्याचा परिणाम काय होतो तेही मला माहीत आहे, कारण मी हेच केलंय.

माझे वडील आजारी होते तेव्हा एकदा म्हणाले, "कपाटातली ती निळी वही आण." त्यांचा सूर ऐकून मला काय ते कळलं. मी म्हटलं, "बरे झालात की बघू, आत्ता औषधाची वेळ झालीय." त्यांनी पुन्हा मागितली नाही. ते गेल्यावर दोन महिन्यांनी वही सापडली. घरखर्चाचे हिशेब होते, आणि शेवटच्या पानावर तीन आकडे. खूप वेळ मला उलगडा होईना. मग लक्षात आलं, गीतपुस्तकातले गीतांचे क्रमांक होते. त्यांच्या अंत्यविधीला म्हणायची गीतं. आम्ही भलतीच तीन गायली होती. त्यांना तेवढंच सांगायचं होतं की आणखीही काही, हे मला आता कधीच कळणार नाही. माझा विश्वास त्या दिवशी भक्कम होता. मी वही आणली नाही ती त्या भक्कमपणातूनच.

मरणाबद्दल बोललं म्हणजे मरण ओढवून घेतलं, असं आपल्या श्रद्धेत कुठेच नाही. आपण ज्याच्या नावानं ओळखले जातो, तो शेवटच्या भोजनाला आपल्या मरणाबद्दलच बोलला. शिष्यांची तयारी नव्हती, त्यांना ऐकवत नव्हतं, तरी बोलला. वधस्तंभावरूनही त्यानं आईची सोय लावली : हा तुझा मुलगा, ही तुझी आई. घरच्यांची व्यवस्था पाहणं हे आशा सोडणं असतं, तर हे वाक्य तिथे नसतं.

सुरुवात अशी करा : "त्या रात्री तुम्ही काही सांगत होता, मी विषय बदलला. माझं चुकलं. आता ऐकते." आणि गप्प बसा. ते लगेच बोलणार नाहीत कदाचित. एकदा अडवलेला माणूस दुसऱ्यांदा अंदाज घेतो. थांबा. बोलू लागले की मध्ये वचन सांगू नका, धीर देऊ नका, त्यांचं वाक्य पुरं करू नका. रडू आलं तर रडा, खोलीबाहेर पळू नका. अमुक झालं तर पुन्हा रुग्णालयात जायचंय की घरीच राहायचंय, नळ्या-यंत्रं कुठवर हवीत, कुणाला भेटायचंय आणि कुणाला नको, कुणाशी काही मिटवायचं राहिलंय का, मुलीसाठी काय लिहून ठेवायचंय, बँकेची-विम्याची कागदं कुठे आहेत, हे सगळं एका रात्रीत होणार नाही. होऊही देऊ नका. रोज थोडं. उपचारांबद्दल ते जे सांगतील ते कागदावर उतरवा आणि डॉक्टरांना दाखवा, म्हणजे ऐन वेळी तुम्हाला एकटीला अंदाजानं ठरवावं लागणार नाही. आणि त्यांनाही विचारा, त्यांची प्रार्थना कशी चाललीय. कदाचित तीही अडलेली असेल. कदाचित तुमच्यासमोर तेही धीटपणा पांघरून बसले असतील.

मुलीला खरं सांगा. तेरा वर्षांच्या मुलीला घरात काय चाललंय ते कळतं, तिच्याशी कुणी बोलत नाही एवढंच. आधी विचारा, "तुला काय काय माहीत आहे?" मग जिथे चुकीचं असेल तिथे दुरुस्त करा : "बाबांचा आजार पूर्ण बरा करणारं औषध डॉक्टरांकडे नाही. त्रास कमी करायचं आहे, ते आपण देतोय." तिच्या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. "मलाही कळत नाही, मीही देवाला हेच विचारते" असं आईच्या तोंडून ऐकणं तिला पुढे आयुष्यभर पुरेल. एक वाक्य मात्र स्पष्ट म्हणा, एकदा नाही, अनेकदा : "तुझ्या मागण्यात काही कमी नव्हतं." आणि 'देवाला चांगली माणसं हवी असतात' असं घरी येणाऱ्या कुणालाही तिच्यासमोर म्हणू देऊ नका. त्यानं ती देवावर नाही, चांगलं असण्यावरच रागावेल. तिच्या वर्गशिक्षिकेला कल्पना द्या. बाबांजवळ तिचं स्वतःचं एखादं काम असू द्या, ओठ ओले करणं, संध्याकाळी मोठ्यानं वाचून दाखवणं. नुसतं बघत राहण्यानं लेकरं जास्त खचतात.

काकांशी भांडू नका, तेवढं बळ तुमच्याकडे शिल्लक नाही. "काका, आमच्यासाठी प्रार्थना करा. आजार का आला हे आमच्या घरात शोधू नका." इतकंच सांगा. नाही ऐकलं तर पाळकांना सांगा की काही दिवस ते घरी येऊ नयेत. दीर, बहीण, मैत्रीण, कुणातरी एकावर पाहुण्यांचं काम सोपवा. दाराशी 'नको' म्हणणारं माणूस तुम्ही नसावं.

आणि जे वाचक अशा घरी भेटायला जातात, त्यांनाही एक सांगते. सर्वस्व गमावून आजारी पडलेल्या इयोबाच्या मित्रांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम म्हणजे ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. बिघडलं ते तोंड उघडल्यावर. शेवटी देवानं त्यांनाच सुनावलं, की माझा सेवक इयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. देवाशी भांडणारा इयोब यथार्थ, आणि देवाची बाजू लढवणारे मित्र चुकीचे. जाताना उपदेश घरी ठेवा. "दोन तास मी बसते, तू झोप" म्हणा, रिपोर्ट आणून द्या, धुणं वाळत घाला.

आता त्या चौघांकडे येते. तुम्ही इतके महिने छपरावर उभ्या राहून चारही दोर एकट्या धरायचा प्रयत्न करताय. पण ताई, आज तुम्हीही बाजेवर आहात. दोर दुसऱ्यांच्या हातात द्या. ज्यांच्यावर विसंबता येईल अशी चार नावं काढा, जास्त नकोत, आणि त्यांना सरळ सांगा : "मला सध्या प्रार्थना जमत नाही. माझ्या वाटची तुम्ही करा." यातली एखादी व्यक्ती मंडळीबाहेरची असली तरी हरकत नाही. त्यांना वारही वाटून द्या हवं तर.

चारातली एक मी होते. मला तुमच्या पतींचं नाव ठाऊक नाही आणि कळवायची गरजही नाही. मंगळवार माझा. पुढच्या पत्रात बाकी काही लिहिलं नाहीत तरी चालेल, पण त्यांना कोणती गीतं हवीत ते विचारलंत का, तेवढं कळवा.